सव्वा सुताची फट

इंजिनिअरिंग मोठं की हातातलं कौशल्य, हा प्रश्न पाहण्यासाठी २३० मिलिमीटर रुंदीचा एक बीम, म्हणजे काँक्रीटची आडवी तुळई, घेऊ. दोन्ही बाजूंना २५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे लोखंडाबाहेरचं काँक्रीट, सोडलं आणि सळयांना वेढणाऱ्या ८ मिलिमीटरच्या रिंगची जाडी दोन्हीकडून वजा केली, की आत १६४ मिलिमीटर जागा उरते. ड्रॉइंगमध्ये तळाला २० मिलिमीटरच्या चार सळया दाखवल्या आहेत. वीस चोक ऐंशी. उरलेल्या ८४ मिलिमीटरमध्ये तीन फटी बसतात, म्हणजे एकेक फट २८ मिलिमीटरची. काँक्रीटच्या आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे दोन सळयांमध्ये सळईच्या व्यासाएवढी किंवा मोठ्यात मोठ्या खडीपेक्षा ५ मिलिमीटर जास्त, यांतली जी मोठी तेवढी फट लागते. खडी २० मिलिमीटरची, म्हणून २५ हवेत. आहेत २८. हिशेब बरोबर आहे.

पण सळई १२ मीटरची येते आणि बीम कुठेतरी तिच्यापेक्षा लांब असतो. तिथे जोड द्यावा लागतो, म्हणजे लॅप. लॅपच्या लांबीत चारच्या आठ सळया होतात. वीस आठे एकशे साठ. १६४ मधून १६० गेले, उरले ४. साइटच्या भाषेत सव्वा सूत, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. एवढ्या जागेतून २० मिलिमीटरची खडी खाली कशी जाणार? त्यातही टीएमटी सळईवर उंचवटे असतात, त्यामुळे वीसची सळई प्रत्यक्षात बावीसच्या आसपास जागा अडवते. म्हणजे आठ सळया शेजारी-शेजारी ठेवायला जागाच नाही.

हे सगळ्यात आधी कोणाच्या लक्षात येतं? सळई बांधणाऱ्या फिटरच्या. संगणकाच्या पडद्यावरच्या रेघेला जाडी नसते, त्याच्या हातातल्या सळईला असते. अनुभवी फिटर मग दोन गोष्टी करतो. जोडाच्या दोन सळया शेजारी न ठेवता एकावर एक बांधतो, म्हणजे खडीला उतरायची २८ मिलिमीटरची वाट मोकळी राहते. आणि चारही सळयांचे जोड एका ठिकाणी न आणता पुढे-मागे करतो. पण एकावर एक बांधल्यावर वरची सळई २० मिलिमीटर उचलली जाते, तेवढी बीमची कामाची खोली, म्हणजे समोरच्या कडेपासून सळईपर्यंतचं अंतर, कमी होते. ते तिथे चालेल की नाही, जोड गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या लांबीच्या, मध्यापासून किती दूर हवा, कॉलमच्या तोंडापासून किती अंतर सोडायचं, हे फिटरला ठरवता येत नाही. ते इंजिनिअरनं ठरवायचं असतं. एकाला अडचण दिसते, दुसऱ्याला तिचा परिणाम मोजता येतो. दोघांचं बोलणं झालं तर बीम चांगला होतो. बहुतेक वेळा ते होत नाही, आणि मला वाटतं, इंजिनिअरिंग की हातातलं कौशल्य अशी तुलना करताना या न झालेल्या बोलण्यापासूनच सुरुवात करायला हवी.

त्याचं एक कारण भाषेचं आहे. ड्रॉइंग इंग्रजीत आणि मिलिमीटरमध्ये येतं. साइटवर बोलणं मराठी, हिंदी, कन्नड, बंगाली असं मिसळलेलं आणि माप सूत-इंच-फुटांत. इंचाचे आठ सूत. ८ मिलिमीटरची सळई अडीच सुती, १० ची तीन सुती, १२ ची चार सुती, १६ ची पाच सुती, २० ची सहा सुती, २५ ची आठ सुती. ही बदली चोख चालते, कारण फरक नगण्य आहे: चार सूत म्हणजे १२.७ मिलिमीटर. पण "१५० मिलिमीटर सेंटर टू सेंटर" याचं "सहा इंचावर" होताना कधीकधी "सहा इंचाची फट" होतं आणि दर सळईमागे सळईच्या जाडीएवढं अंतर वाढतं. १० च्या सळईला १५० चे १६० झाले. दर मीटर पट्ट्यात लोखंड सहा टक्क्यांनी घटलं. फिटरनं चोरी केली नाही, कामचुकारपणा केला नाही. त्याला फक्त कोणी "मध्यापासून मध्यापर्यंत" असं सांगितलं नाही.

आता स्लॅबच्या दिवसाकडे येऊ. १०० चौरस मीटरचा, १२५ मिलिमीटर जाडीचा स्लॅब म्हणजे साडेबारा घनमीटर काँक्रीट. सिमेंट, वाळू, खडी १ः१.५ः३ च्या प्रमाणात घेतली तर घनमीटरला साधारण आठ गोण्या, म्हणजे शंभर गोण्या सिमेंट. एकूण वजन ३० टन. तालुक्याच्या गावात, जिथे पंप आणि तयार काँक्रीटची गाडी पोचत नाही, तिथे हे तीस टन घमेल्यांनी वर जातात. पंधरा किलोचं घमेलं धरलं तर दोन हजार घमेली, एका दिवसात. हा आकडा डोक्यात ठेवूनच पाण्याचा प्रश्न पाहावा.

गोणीला २५ लिटर पाणी घातलं तर पाणी-सिमेंट प्रमाण ०.५ येतं. माल घट्टसर असतो, तो पसरायला खांदे दुखतात, माल हलवून घट्ट बसवणाऱ्या व्हायब्रेटरची सुई सगळीकडे फिरवावी लागते. मग कोणीतरी ओरडतं, पाणी वाढव. दहा लिटरची एक बादली जास्त गेली की ३५ भागिले ५०, म्हणजे ०.७. माल वाहायला लागतो, काम दुपारी चारला संपतं, आणि काँक्रीटची ताकद तिसऱ्या हिश्श्यानं तरी कमी होते. पावसाळ्यात तर बादलीही लागत नाही. एका गोणीमागे साधारण ८० किलो वाळू पडते, ती पाच टक्के ओली असेल तर चार लिटर पाणी वाळूच घेऊन येते. जुना मिक्सरवाला मूठभर वाळू दाबून, मूठ उघडून गोळा सुटतो की टिकतो ते पाहतो आणि पाणी कमी करतो. हे त्याला कोणत्याही वर्गात शिकवलेलं नसतं.

ती बादली अडाणीपणातून पडते, असं अनेक इंजिनिअर म्हणतात. मला ते पटत नाही. बादली पडते ती पैसे देण्याच्या पद्धतीमुळे. स्लॅब भरणाऱ्या टोळीला चौरस फुटावर किंवा उक्ते पैसे मिळतात. उशीर झाला तर तोटा टोळीचा. ताकदीचा फायदा मात्र टोळीला कधीच मिळत नाही. ज्या साइटवर प्लॅस्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता माल सैल करणारा द्रव, आधीच आणून ठेवलेला असतो, दोन व्हायब्रेटर चालू स्थितीत असतात आणि ७५ ते १०० मिलिमीटर स्लंपचा (स्लंप म्हणजे मालाच्या सैलपणाचं माप) माल सहज सरकतो, तिथे बादलीसाठी कोणी ओरडत नाही. या तिन्ही गोष्टींचं नियोजन इंजिनिअरच्या हातात आहे.

उलट बाजूही तितकीच खरी. "वीस वर्षं असंच करतोय, एकही स्लॅब पडला नाही" हे वाक्य प्रत्येक साइटवर ऐकू येतं, आणि ते खरंही असतं. पण त्याचं कारण मिस्त्रीला दिसत नाही. डिझाइनमध्ये भार दीडपट धरलेले असतात, काँक्रीटची ताकद दीडनं भागलेली असते, लोखंडाची १.१५ नं. या राखीव जागेत एक-दोन चुका मुरून जातात. मिस्त्रीचा अनुभव म्हणूनच त्याला फसवतो: चूक झाली आणि काहीच घडलं नाही, असं त्यानं वीस वर्षं पाहिलेलं असतं. गॅलरीचा स्लॅब घ्या. तो एका बाजूनं अधांतरी, त्यामुळे ताण वरच्या अंगाला येतो आणि मुख्य सळई वर लागते. १२५ च्या जाडीत वीसचं कव्हर आणि अर्धी सळई सोडून कामाची खोली १०० मिलिमीटर. फिटरनं सळई बरोबर वर बांधली. मग घमेलेवाले तिच्यावरून चालले आणि ती ४० मिलिमीटर दबली. खोली ६० राहिली, ताकद जवळपास चाळीस टक्क्यांनी गेली. वरून सगळं गुळगुळीत. दर मीटरला सळई वर धरणारी एक चेअर आणि चालायला दोन फळ्या, एवढ्यानं हे टळलं असतं. पुढे टेकू काढतानाही तेच: साध्या गाळ्याचे टेकू मधून कडेकडे काढायचे, अधांतरी गॅलरीचे मात्र मोकळ्या टोकाकडून भिंतीकडे. उलट काढले तर ज्या बाजूनं स्लॅब कधीच वाकायला नको होता, त्या बाजूनं तो वाकतो.

किल्लारीत हेच फार मोठ्या प्रमाणावर घडलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत जी घरं कोसळली, ती कसबी हातांनी बांधलेली होती. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, मातीत रचलेल्या, वर माळवदाचं ओझं. पिढ्यान् पिढ्या त्या उभ्या होत्या, उन्हाळ्यात घर थंड ठेवत होत्या. उभा भार त्या सहज पेलत. पण भिंतीचा आतला थर आणि बाहेरचा थर यांना आरपार बांधणारे लांब दगड त्यांच्यात नव्हते, आणि जमीन आडवी हलली तेव्हा दोन थर फाकले. हजारो माणसं गेली. गवंड्याचा अनुभव अपुरा पडला, कारण अनुभवात तो धक्का नव्हता. दुसरीकडे, आडव्या धक्क्याचं गणित विद्यापीठांत शिकवलं जात होतं आणि ते त्या गावांच्या गवंड्यांपर्यंत पोचलेलं नव्हतं. नंतरच्या पुनर्वसनात गवंड्यांना शिकवलं गेलं: भिंतीला आरपार दगड किंवा काँक्रीटची जोडकडी, लिंटलच्या, म्हणजे दारं-खिडक्यांच्या माथ्याच्या, पातळीवर सलग पट्टा, कोपऱ्यात उभी सळई. यांतलं एकही काम गवंड्याच्या हाताला अवघड नव्हतं.

इंजिनिअरचा आणि कारागिराचा, हे दोन रस्ते वेगळे झाले ते संस्थांमध्ये. पुण्याचं अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ मध्ये 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' या नावानं सुरू झालं, सरकारी बांधकाम खात्याला हाताखालचे अधिकारी हवेत म्हणून. त्याच महाविद्यालयातून १८८३ मध्ये बाहेर पडलेले विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात आले, आणि १९०३ मध्ये खडकवासल्याला त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले. त्यांचा जन्मदिवस, १५ सप्टेंबर, आपण अभियंता दिन म्हणून पाळतो, आणि तो मान योग्यच आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला केंद्रानं कारागिरांसाठी पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्या अठरा कारागिरींत गवंडी आणि सुतार आहेत, प्रशिक्षणकाळात रोज ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५ हजार रुपये मिळतात. फिटर, नळजोडणी करणारा आणि वायरमन मात्र त्या अठरांत नाहीत. बांधकामाचं कौशल्य म्हणजे काय, याची व्याख्या अजून जुन्या गावगाड्यावर बेतलेली आहे.

आयटीआयच्या पाट्यांवर मराठीनं या कामांना सुरेख नावं दिली आहेत: जोडारी (यंत्रांचा फिटर), कातारी (टर्नर), संधाता (वेल्डर), वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन), तारतंत्री (वायरमन). वेल्डरला 'संधाता' म्हणणाऱ्या माणसाला त्या कामाबद्दल आदर होता, हे नावातच कळतं. पण शिडी पाहिली की आदराची मर्यादा कळते. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड केला, तर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं, आणि पदविकेनंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात. वीजतंत्री, जोडारी, स्थापत्य आरेखक यांना हा रस्ता खुला आहे, आणि मी तर म्हणेन की इंजिनिअर होण्याचा हा सगळ्यात भक्कम रस्ता आहे. गवंडी आणि नळ कारागीर हे ट्रेड मात्र एकेका वर्षाचे. इमारतीच्या सगळ्यात जवळच्या दोन कामांना स्थापत्य पदविकेचं हे दार बंद. बाकी बहुसंख्य गवंडी तर आयटीआयचं तोंडही न पाहता बिगारी म्हणून येतात, मिस्त्रीला माल देता देता थापी हातात घेतात, चार-पाच वर्षांत ओळंबा आणि गुण्या सांभाळायला लागतात. प्लास्टरची जाडी ठरवणारे ठिय्ये स्वतः मारून त्यांवर पट्टी फिरवता आली, की तो मिस्त्री झाला. पण त्याचा दाखला कोणी देत नाही. शेजारच्या शहरात गेला की पुन्हा पहिल्या दिवशी हात दाखवायचा.

आणि बायका? त्या घमेलं उचलतात, विटा देतात, क्युरिंगचं पाणी मारतात. त्यांच्या हातात थापी जवळजवळ कधीच दिली जात नाही. विटा द्यायला दहा वर्षं उभी राहिलेली बाई सांधा १० मिलिमीटरचा आहे की २० चा हे लांबून सांगू शकते, तरी तिचा रोज बिगारीचाच राहतो. या अन्यायाला तांत्रिक कारण एकही नाही.

कमाईची तुलना रुपयांत करणं फसवं आहे, कारण रोज गावागणिक आणि हंगामागणिक बदलतो. तरी साइटवर सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट अशी, की पदवी घेऊन आलेल्या नव्या साइट इंजिनिअरच्या पगारापेक्षा चांगला फरशी मिस्त्री महिन्याला जास्त मिळवतो. हे ऐकून पुष्कळ पालक अस्वस्थ होतात. पण दिवस मोजायला हवेत. मिस्त्रीला काम असेल त्या दिवसाचे पैसे. पावसाळ्यात बाहेरचं प्लास्टर आणि बांधकाम थांबतं, आजारपणाचा दिवस कोराच. इंजिनिअरला बारा पगार, मात्र सकाळी पहिल्या गाडीच्या आधी आणि रात्री शेवटच्या मालानंतर साइटवर तोच. दुसरी मोजायची गोष्ट शरीर. ओलं सिमेंट तीव्र अल्कधर्मी असतं, हातमोज्यांशिवाय बोटांच्या पेरांना भेगा पडतात. ग्रॅनाइट आणि व्हिट्रिफाइड टाइल कोरडी कापली की सिलिकाची धूळ फुप्फुसात जाते. कटरवर पाण्याची बारीक धार सोडली तर ती बसते, आणि तेवढ्यासाठी एक माणूस लागतो म्हणून ती सोडली जात नाही. फरशीवाल्याचे गुडघे चाळिशीत बोलायला लागतात. इंजिनिअरची किंमत त्याच वयात वाढते. हा फरक पहिल्या पगारापेक्षा कितीतरी मोठा आहे.

शरीर थकायच्या आत मिस्त्रीला ठेकेदार व्हावं लागतं, आणि तिथे त्याला जे लागतं ते हातात नसून मोजमापात असतं. एकच नियम सांगतो. प्लास्टर मोजताना अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं भोक वजा करत नाहीत. अर्धा ते तीन चौरस मीटरच्या खिडकीचं, दोन्ही अंगांना सारखंच प्लास्टर असेल तर, एकाच बाजूचं क्षेत्र वजा होतं, कारण दुसऱ्या बाजूच्या बदल्यात बाजूंच्या कडांचं काम धरलेलं असतं. तीनच्या वर मात्र दोन्ही बाजू वजा आणि कडा वेगळ्या मोजायच्या. १.२ बाय १.५ मीटरची खिडकी १.८ चौरस मीटरची. ती दोन्ही बाजूंनी वजा झाली तर खिडकीमागे १.८ चौरस मीटर बुडालं. चाळीस खिडक्यांच्या इमारतीत ७२ चौरस मीटर, म्हणजे पावणेआठशे चौरस फूट काम फुकट. बांधकामाच्या मोजमापाच्या आयएस १२०० या मानकातला हा नियम इंजिनिअरला ठाऊक असतो. ठेकेदाराला तो ठाऊक नसेल तर बिलात काय झालं हे त्याला कळतही नाही. त्याला एवढंच कळतं की यंदा उचल फिटली नाही.

कागदाचा असाच अडसर कल्याणकारी मंडळात. बांधकाम कामगारांसाठी वेगळा कायदा १९९६ मध्ये झाला, इमारतीच्या खर्चावरचा एक टक्का उपकर त्यांच्या कल्याणासाठीच गोळा होतो. १८ ते ६० वयाच्या कामगारानं गेल्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला दिला की नोंदणी होते. पण नाक्यावर उभं राहून रोज वेगळ्या माणसाकडे जाणाऱ्यानं ९० दिवसांचा दाखला कोणाकडून आणायचा? साइटवरच्या हजेरीबुकात नाव पूर्ण लिहिणं, आणि माणूस जाताना त्याच्या दिवसांचा सही-शिक्क्याचा कागद ठेकेदाराकडून त्याला मिळवून देणं, हे साइट इंजिनिअरला पाच मिनिटांत करता येतं.

आता पुन्हा त्या साडेबारा घनमीटरकडे. तेवढ्या काँक्रीटला दोन नमुने घ्यायचे, नमुन्याला तीन ठोकळे, १५० मिलिमीटरचे. ते पाण्यात ठेवायचे आणि २८ व्या दिवशी दाबायचे. एम २० चा, म्हणजे चौरस मिलिमीटरला २० न्यूटन ताकदीच्या काँक्रीटचा, ठोकळा ४५० किलोन्यूटनच्या आसपास टिकायला हवा. तो अहवाल इंजिनिअरच्या फायलीत जातो. पाणी घालणारा, व्हायब्रेटर धरणारा, सळई बांधणारा तोवर दुसऱ्या गावाला दुसरा स्लॅब भरत असतात. आपण भरलेलं काँक्रीट किती ताकदीचं निघालं, हे ते भरणाऱ्या माणसाला आयुष्यात एकदाही कळत नाही. सेंट्रिंग खोललं की बीमच्या तळाला दिसणारं हनीकोंब, म्हणजे पोकळ राहिलेल्या खडीचं पोळं, तेही तो पाहत नाही. ते पाहतो सेंट्रिंगवाला, आणि इंजिनिअर यायच्या आत त्यावर सिमेंटचा हात फिरवला जातो, जेव्हा खरं तर सुटी खडी पक्क्या काँक्रीटपर्यंत टाचून, धुऊन, आकसत नसलेल्या ग्राउटनं ते भरायला हवं असतं.

साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवसांनी आणि सहा मीटरपर्यंतच्या बीमचे चौदा दिवसांनी काढता येतात. पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर आणखी थांबलेलं बरं. बीमचे टेकू निघतील त्या दिवशी फिटर आणि भरणाऱ्या टोळीतले दोघे-तिघे परत बोलवावेत, अर्ध्या दिवसाची हजेरी देऊन. बीमखाली उभं राहून वर पाहिलं की पोळं नेमकं कुठे पडलं ते दिसतं, आणि ते पुष्कळदा लॅपच्याच जागी असतं. फिटर म्हणेल, इथे आठ सळया होत्या, सुई उतरलीच नाही. मग पुढच्या मजल्याच्या बीबीएसमध्ये, म्हणजे सळया कापायच्या-वाकवायच्या यादीत, प्रत्येक लॅपची जागा मीटरमध्ये लिहायची, आणि लोखंड कापायच्या आधी तो कागद फिटरला मराठीत किंवा हिंदीत वाचून दाखवायचा.